रक्तातली चमचाभर साखर

या महिन्याची पत्रं टेबलावर पसरून बसले, तेव्हा निम्म्याहून जास्त पत्रांच्या शेवटी एकच मागणी दिसली: ‘मधुमेहात काय खायचं नाही, त्याची यादी पाठवा.’ आहारतज्ज्ञ म्हणून काम सुरू केलं तेव्हा मी अशा याद्या छापून देत असे. आता देत नाही. का देत नाही, ते शेवटच्या पत्राच्या उत्तरात सांगितलं आहे.

प्रश्न : ताई, माझं वय ४६. दोन महिन्यांपूर्वी तपासणीत मधुमेह निघाला. उपाशीपोटी साखर १४८, एचबीएवनसी ८.१. त्या दिवसापासून साखरेचा कणही तोंडात घातलेला नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा. तरी परवा जेवणानंतर दोन तासांनी २३६ आली आणि डॉक्टरांनी गोळी वाढवली. मी गोड खातच नाही, मग ही साखर येते कुठून? माझं काय चुकतंय?

उत्तर : तुम्ही सांगितलेलं सगळं मनापासून पाळलंत आणि तरी स्वतःलाच दोष देताय, याचं मला वाईट वाटलं. तुमचं चुकलेलं नाही. तुम्हाला गोष्ट अर्धीच सांगितली गेली आहे.

एक साधा हिशेब करू. मोठ्या माणसाच्या अंगात अंदाजे ५ लिटर रक्त असतं. रिपोर्टवर साखर १०० असते, म्हणजे एका डेसिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम, म्हणजेच लिटरभरात १ ग्रॅम. पाच लिटरांत ५ ग्रॅम. अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते ती जेमतेम चहाचा एक चमचा! उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त आली, की मधुमेह म्हणतात. तो होतो सव्वा चमचा. इतक्या बारीक तोलावर शरीर चालत असतं.

आता वाटीभर शिजवलेला भात घ्या, साधारण १५० ग्रॅम. त्यात ४० ग्रॅमच्या वर कर्बोदकं असतात, म्हणजे आठ चमचे. तो गोड लागत नाही, म्हणून आपण त्याला साखरेच्या हिशेबात धरत नाही. पण भात, पाव, बटाटा यांतलं पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांबच लांब माळ असते आणि ती लाळेपासूनच तुटायला लागते. भाताचा एक घास न गिळता मिनिटभर चावत राहा, हळूहळू गोडसर चव येईल. माझ्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला मी हा घास चावायला लावते. बरीच माणसं तो घास तोंडात असतानाच माझ्याकडे चमकून बघतात.

निरोगी माणसात ही साखर रक्तात उतरते तसं स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, आणि स्नायू, यकृत, चरबी तिला आत ओढून घेतात. टाइप २ मधुमेहात पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत आणि स्वादुपिंडही थकत आलेलं असतं. मग साखर रक्तातच रेंगाळते. तुमचे २३६ तिथून आले.

त्या दिवशी जेवणात काय होतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण गोड बंद केलेली माणसं नकळत भात आणि पाव वाढवतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. मन कशाने तरी भरायला हवंच असतं. म्हणून भात सोडा असं मी म्हणत नाही, त्याची जागा बदला म्हणते. साधारण ९ इंची ताटली घ्या. अर्ध्या भागात भाज्या (बटाट्यासारख्या पिठूळ सोडून), पाव भागात डाळ, कडधान्य, अंडी, मासे किंवा पनीर, आणि उरलेल्या पाव भागात भात किंवा पाव. डाळी-कडधान्यांतही कर्बोदकं असतात. पण सोबत प्रथिनं आणि भरपूर चोथा असल्यामुळे त्यांची साखर सावकाश उतरते. जेवायला बसल्यावर आधी भाजी आणि प्रथिनं, भात शेवटी. तेच पदार्थ, तेवढेच, फक्त क्रम बदलला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. मग दहा-पंधरा मिनिटं चाला. चालणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात, आणि जेवणानंतर लगेच चाललं तर त्याचा फायदा जास्त मिळतो.

आणि मोजा. जेवणाआधी एकदा, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. दोन दिवस तेच जेवण जेवा, दुसऱ्या दिवशी एकच गोष्ट बदला. बहुतेकांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या खाली हे ध्येय असतं. तुमचं नेमकं किती, ते डॉक्टर ठरवतील. एचबीएवनसीची घाई करू नका. ती तपासणी तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते. त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून तिच्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते. आज ताट बदललंत तर त्याचं पूर्ण फळ तीन महिन्यांनी दिसेल. रक्त कमी असेल तर हा आकडा फसवाही येतो, म्हणून हिमोग्लोबिनही बघून घ्या.

गोळी वाढली म्हणजे आपण हरलो, असं कृपा करून समजू नका. आणि आकडे सुधारले तरी ती स्वतःहून बंद करू नका.

प्रश्न : माझं वय ५८. रात्री नऊला जेवतो. झोपताना साखर १३८, सकाळी सहाला १६९. मध्ये पाण्याशिवाय काही घेत नाही. मीटर बिघडलंय का? की रात्रीचं जेवणच बंद करू?

उत्तर : मीटर बहुधा ठीक आहे. चांगल्या मीटरसाठी जो आंतरराष्ट्रीय निकष आहे, त्यानुसार १०० च्या वरचा आकडा १५ टक्के इकडे-तिकडे चालतो. त्यामुळे १६० आणि १६९ यांत फरक मानू नका; पण १३८ वरून १६९, आणि तेही रोज, ही खरी वाढ आहे. बोट टोचण्याआधी हात मात्र साबणाने धुऊन पुसा. फळ सोललेल्या न धुतलेल्या बोटाचा थेंब भलताच मोठा आकडा दाखवतो.

ही साखर तुमच्या यकृतातून येते. रात्रभर मेंदूला ग्लुकोज पुरवत राहण्याचं काम यकृत करतं. पहाटे शरीर उठण्याच्या तयारीला लागतं; कॉर्टिसॉल, ग्रोथ हॉर्मोन यांसारखी संप्रेरकं वाढतात आणि यकृताला ‘सोड साखर’ असा इशारा मिळतो. निरोगी माणसात इन्सुलिन त्याला आवर घालतं. मधुमेहात तो आवर ढिला पडतो. जेवणाचा यात संबंध थोडाच.

म्हणून रात्रीचं जेवण बंद करू नका. यकृत उपाशीपोटी जास्तच जागं होतं. जेवण तासभर अलीकडे आणता आलं तर बघा, जेवणानंतर थोडं चाला, भात-पाव कमी करून भाजी वाढवा. तुम्ही इन्सुलिन किंवा साखर खाली ढकलणारी गोळी घेत असाल, तर एक-दोनदा पहाटे तीनला उठून मोजा. रात्री साखर फार खाली जाते का, हे डॉक्टरांना कळलं पाहिजे. औषधाची वेळ आणि मात्रा त्यावर ठरते. सकाळचा आकडा बऱ्याचदा औषधानेच नीट बसतो, आणि त्यात तुमचा दोष काहीच नाही.

प्रश्न : मध नैसर्गिक आहे, मग चालेल ना? आणि फळं पूर्ण बंद करायची का?

उत्तर : मधात बहुतांश ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच असतं. साखरेऐवजी घेतलात तरी हिशेब तोच.

फळं बंद करू नका. मध्यम सफरचंदात किंवा केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, पण सोबत चोथा असतो आणि चावून खायला वेळ लागतो. एका वेळी एक लहान फळ, जेवणाच्या ताटावर जोडून न घेता मधल्या वेळी. रस मात्र नको, घरी काढलेलाही. पेलाभर रसाला दोन-तीन फळं लागतात, आणि तो मिनिटात पोटात जातो.

प्रश्न : माझे पती ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. गेल्या आठवड्यात कामामुळे दुपारचं जेवण लांबलं. दरदरून घाम, हात थरथरत होते, माझ्यावर विनाकारण चिडले. मी चॉकलेट दिलं. बरं वाटायला खूप वेळ लागला. मी बरोबर केलं का?

उत्तर : ही रक्तातली साखर फार खाली गेल्याची लक्षणं. गोड द्यायचं तुम्हाला सुचलं, हे फार चांगलं झालं. पण चॉकलेटमधल्या चरबीमुळे त्यातली साखर उशिरा उतरते. हे उत्तर कापून फ्रिजवर लावा.

साखर ७० च्या खाली गेली, की १५ ग्रॅम साखर लगेच पोटात गेली पाहिजे: तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून, ग्लुकोज पावडर, किंवा अर्धा पेला फळांचा रस (रसाचा खरा उपयोग इथे आहे). १५ मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. ठीक झाल्यावर जेवण किंवा काहीतरी पोटभरीचं. मीटर जवळ नसेल तर मोजण्यासाठी थांबू नका, आधी साखर द्या. कर्बोदकांचं पचन लांबवणारी अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही गोळी ते घेत असतील, तर साध्या साखरेने लवकर भागत नाही. तेव्हा ग्लुकोजच हवं.

शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर झोपवा आणि तडक दवाखाना गाठा. ग्लुकागॉन नावाचं औषध अशाच वेळेसाठी असतं. घरी ठेवावं का, ते डॉक्टरांना विचारा.

आणि त्यांच्या चिडण्याचं मनाला लावून घेऊ नका. मेंदूला ग्लुकोज कमी पडलं की माणूस तसा वागतो. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. जेवण आलं की नाही, हे ती बघत नाही. ही गोळी घेतल्यावर जेवण टाळायचं नाही, गाडी चालवण्याआधी साखर बघायची आणि रिकाम्या पोटी मद्य कधीच नाही, कारण यकृत मद्य निस्तरण्यात गुंतलं की साखर सोडत नाही. रक्तदाबासाठी बीटाब्लॉकर असेल तर धडधड आणि थरथर जाणवत नाही, घाम तेवढा येतो. असा प्रसंग पुन्हा आला तर पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. गोळी बदलता येते.

प्रश्न : वय ३८, वजन ९६ किलो, दीड वर्षापूर्वी निदान. मधुमेह मुळापासून बरा होतो असं एका ओळखीच्यांनी सांगितलं. गोळ्या बंद करून फक्त आहार करावा म्हणतोय. खरं आहे का?

उत्तर : यात खरं आणि धोक्याचं, दोन्ही आहे. २०१७ साली ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. निदान होऊन सहा वर्षांपेक्षा कमी झालेली, इन्सुलिन न घेणारी माणसं त्यात होती. त्यांतल्या अर्ध्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींचा आहार दिला, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. वर्षभरानंतर त्यांतल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. १५ किलो किंवा जास्त वजन उतरलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होतं. दुसऱ्या वर्षाअखेरीस ते एकूण ३६ टक्क्यांवर आलं. ज्यांचं वजन परतलं, त्यांच्यात साखरही परतत गेली. म्हणून डॉक्टर ‘बरा झाला’ म्हणत नाहीत, ‘रेमिशन’ म्हणतात: औषध थांबवून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीएवनसी ६.५ च्या खाली. त्यानंतरही दरवर्षी तपासणी.

तुमचं वय आणि निदानाला झालेला काळ पाहता तुमच्या हाती खूप काही आहे. तो वेळ वाया घालवू नका, असं मी अगदी कळकळीने सांगते. पण औषध डॉक्टरांनी उतरवायचं, आहार सुरू होण्याआधी आणि मोजून. तुमच्या गोळ्यांत नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येणारी एखादी असेल, तर कर्बोदकं एकदम तोडणं किंवा कडक उपास करणं जिवावर बेतू शकतं. रक्त आम्लधर्मी होतं, आणि तेव्हाही साखर फारशी वाढलेली नसते, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं घ्यावी लागली तर बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, म्हणून तेही अधूनमधून तपासा.

प्रश्न : माझी आई ७४ वर्षांची. तिचं पथ्य मीच बघतो. गोड बंद, भात बंद, फळं बंद. एचबीएवनसी ८.२ वरून ६.४ वर आणलं. पण आई चोरून खाते. परवा उशीखाली बिस्किटं सापडली. मी फार बोललो. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. वर्षात तिचं वजन ५ किलो कमी झालं, हे एक चांगलं झालं. तिला कसं समजावू?

उत्तर : तुमचं आईवर किती प्रेम आहे, ते पत्राच्या प्रत्येक ओळीत दिसतं. म्हणूनच स्पष्ट लिहिते. ७४ व्या वर्षी न ठरवता उतरलेलं ५ किलो वजन ही चांगली बातमी नाही. त्यात स्नायू गेलेले असतात. पाय लटपटतात, माणूस पडतं. आधी वजन का उतरलं, हे डॉक्टरांना दाखवा. आणि ६.४ हा आकडा तिच्या वयाला कदाचित फारच खाली आहे. साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर या वयात खाली जाणारी साखर वर जाणाऱ्या साखरेपेक्षा जास्त घात करते. वयस्क, अशक्त माणसांसाठी डॉक्टर अनेकदा ८ च्या आतबाहेरचं ध्येयही पुरेसं मानतात. मूत्रपिंड ठीक असतील तर दर किलो वजनामागे दिवसाला १ ग्रॅम तरी प्रथिनं तिच्या पोटात जायला हवीत: दही, डाळ, अंडी, तिला रुचेल ते, तिन्ही वेळच्या खाण्यात वाटून.

आता बिस्किटांचं. माझे वडील गणिताचे शिक्षक होते. त्यांना ६१ व्या वर्षी मधुमेह निघाला. मी तेव्हा नुकती पदवी घेऊन बाहेर पडले होते. मी एक यादी केली, लाल शाईने, आणि स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवली. चार महिन्यांनी त्यांच्या पुस्तकांच्या कपाटात, मागच्या रांगेत, बिस्किटांचा पुडा सापडला. मी घरात सगळ्यांसमोर त्यांना बोलले. ते काही म्हणाले नाहीत. त्या रात्री ते ताटावरून लवकर उठले. एवढ्या वर्षांनंतरही ते उठणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

यादी मी काढून टाकली. पुढे ग्लुकोमीटर आणला आणि तो त्यांच्या हातात दिला, माझ्या हातात ठेवला नाही. त्यांनी चौकटीची वही घेतली आणि रकाने आखले: वेळ, काय, किती, आधीचा आकडा, नंतरचा आकडा. तीन आठवड्यांत त्यांनी जे शोधलं, ते मला कधीच सापडलं नसतं. संध्याकाळी चालून आल्यावर घेतलेल्या दोन बिस्किटांनी त्यांची साखर २५-३० च वर जायची. मी यादीत ‘चालेल’ म्हणून लिहिलेल्या रात्रीच्या तीन पावांनी ती ९० ने चढायची. त्यांनी स्वतःच तिसरा पाव सोडला, मग दुसरा. दोन बिस्किटं ठेवली, उघड्यावर, चहाबरोबर. एकाच माणसाची दोन खाणी आणि दोन आकडे. दुसऱ्या कुणाच्या अंगात ते वेगळे येतील. म्हणून छापील यादी मी देत नाही.

आईला समजावू नका. मीटर तिच्या हातात द्या. अक्षर नीट दिसत नसेल तर मोठ्या आकड्यांचा मिळतो. पहिल्या दिवशी काय खायचं, ते तिला ठरवू द्या. ती बिस्किटं म्हणाली तर बिस्किटं. ताटलीत मांडून, तुम्हीही सोबत बसून खा. दोन तासांनी तिला आकडा वाचू द्या आणि तिच्या हातानेच वहीत लिहू द्या. तो कितीही आला तरी त्या दिवशी तुम्ही काही बोलू नका.

आठवडाभराने ती वही घेऊन दोघंही डॉक्टरांकडे जा. आणि मला पुढचं पत्र आईने लिहिलं, तर फार आवडेल.